अर्थाला घाई असते

एकेचाळीस वर्षं नुगझार वाचत होता,
पण न वाचता.
तिबिलिसीच्या छापखान्यात, खिडकीपाशी,
लाल पेन्सिल कानावर,
ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे नेत.
गोष्ट मग आड येत नाही, म्हणायचा.
खून झाला तरी चालेल,
स्वल्पविराम कुठे गेला ते बोला.

अर्थाला घाई असते, तो नव्या पोरांना सांगे.
तुम्ही कडी काढायच्या आत तो घरात येऊन बसतो
आणि मग उंबऱ्याबाहेर कुणाची चप्पल उलटी पडलीय
ते दिसतच नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी
चहा पिता पिता त्याने वर्तमानपत्र उघडलं
आणि विचारलं,
'हे आज कुठल्या भाषेत छापलंय?'

लामाराने डोकावून पाहिलं. भाषा तीच होती.
तीच तेहतीस अक्षरं, द्राक्षवेलीच्या ताण्यांसारखी वळलेली.
एकेक सुटं त्यालाही दिसत होतं,
पण शेजारी शेजारी बसून
ती एकमेकांशी बोलत नव्हती.

दवाखान्यात म्हणाले, मेंदूच्या मागे, डावीकडे,
सुपारीएवढी जागा.
लिहिता येईल. वाचता येणार नाही.
त्याला हे पटेना. कागद मागवला,
मेहुणीला चार ओळींचं पत्र लिहिलं, बिनचूक,
विरामचिन्हांसकट,
आणि घडी घालण्याआधी नजर टाकली
तर पत्र दुसऱ्याच कुणाचं होतं.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुमची सुपारी शाबूत आहे.
मी 'पुरी' लिहिलं की तुमच्याकडे तेल तापतं.
तिकडे पुरी म्हणजे भट्टीतला पाव.
मी 'मामा' लिहिलं की आईचा भाऊ येतो.
तिकडे मामा म्हणजे बाप.
आता सांगून झालं, तरी पहिला पाहुणा उठत नाही,
दुसरा दाराशी ताटकळतोय.

एतेरीने, मुलीने, जाड पुठ्ठ्याची कार्डं केली.
'त्केमाली' लिहिलेलं समोर धरलं,
आंबट आलुबुखारांची चटणी, त्याची लाडकी.
'काय आहे हे?'
'माहीत नाही.'
'खायचं की अंगात घालायचं?'
'माहीत नाही म्हटलं ना,'
आणि जीभ टाळ्याला लावून
टचकन आवाज केला.

एतेरीने कार्डाच्या मागे बारीक टिंब दिलं.
आत कुणीतरी वाचत होतं
आणि वर कळवत नव्हतं.

बोट मात्र विसरलं नव्हतं.
टेबलावरच्या मेणकापडावर तो अक्षर गिरवायचा,
मग पुढचं, मग पुढचं.
हात वाचायचा आणि डोळ्यांना सांगायचा.
छोट्या शब्दाला दोन घोट,
लांब शब्दाला अख्खा कप गार.
एतेरीने एकदा त्याच्या तळहातावर काढलं
म, आ, म, आ.
'सोपं दिलंस,' म्हणाला, आणि हात खिशात घातला.

एप्रिलमध्ये दोघं भट्टीवर गेली.
पाटी निळ्या रंगात, 'शोतिस पुरी',
होडीसारखा लांब, टोकांना करपलेला पाव.
नुगझार कोटाच्या खिशात बोट फिरवत उभा.
रांग पुढे सरकली, तो नाही.
मागच्या बाईने कोपर मारलं.
तीन मिनिटं. साडेतीन.
आणि मग अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं,
'इ कुठे आहे? त च्या पुढचा इ?'

भट्टीवाला बादरी पिठाच्या हातांनी बाहेर आला.
त्याने वर पाहिलं. रांगेने वर पाहिलं.
एकोणीस वर्षं पाटी तिथेच होती.
सगळे वासाने वाचत होते.

बादरीने स्टूल आणलं. एतेरी नको नको म्हणेपर्यंत
तो चढलाही. कानामागे हात नेला,
पेन्सिल नव्हती.
कोपर मारणाऱ्या बाईने पर्समधून
लाल लिपस्टिक काढून दिली.

नेमक्या जागी त्याने हंसपद काढलं, वर इ.
उतरून तळव्यांची धूळ झटकली.
'आता वाच ना, मामा,' एतेरी म्हणाली,
'काय लिहिलंय?'

त्याने पाटीकडे पाहिलं, पुष्कळ वेळ.
'ते मला नका विचारू,' म्हणाला.
'आता चूक नाही, एवढं सांगतो.'